१२ सॅम्पल, सरासरी २४.७, मर्यादा ५०. तरी मन खातंय

धूळमोजणी

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी दगड कापून-घासून देणाऱ्या एका कारखान्यात औद्योगिक आरोग्याचं काम बघते. शिक्षण रसायनशास्त्राचं. संख्याशास्त्राचा पदवीला एक पेपर होता, तोही काठावर सुटला. हवेतली सिलिकाची बारीक धूळ, म्हणजे जी नाकात-घशात न अडकता थेट फुफ्फुसात खोल जाते ती, मोजायचं काम माझ्याकडे आहे. घासकामाच्या टेबलांवर ४ जण आहेत. प्रत्येकाच्या कमरेला पंप, कॉलरला सायक्लोन (जाड धूळ बाजूला काढून बारीकच पुढे सोडणारी छोटी नळी) आणि फिल्टर, मिनिटाला २.५ लिटर हवा, पूर्ण शिफ्ट. प्रत्येकाचे ३ दिवस. आकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये:

क: १४, १९, ११
ख: २२, १६, २७
ग: १२, १७ पेक्षा कमी, ९
घ: ४८, ७१, ३९

'ग'च्या दुसऱ्या दिवशी पंप २ तासांनी बंद पडला होता. लॅबने त्या फिल्टरवर "५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी" असं लिहून दिलं. ०.३ घनमीटर हवेने भागलं तर १७ येतात. मी त्याचे निम्मे, ८.५ धरले. सगळ्यांची सरासरी आली २४.७. आम्ही मर्यादा धरतो ५०.

मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, "निम्म्याच्या आत आहे, रिपोर्ट लिहा आणि विषय संपवा." लिहायला बसले की हात अडतो.

ओळखीतल्या एका संख्याशास्त्रवाल्याने फोनवर सांगितलं की लॉग घे आणि मिक्स्ड मॉडेल लाव, कामगार रँडम इफेक्ट म्हणून टाक, म्हणजे माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसाचा दिवसादिवसांतला फरक वेगळे निघतात. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये केलं. कामगारांमधला व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) ०.४८, उरलेला ०.०७. त्यानंतर तो फोन उचलत नाहीये.

तर प्रश्न असे. सरासरी मर्यादेच्या निम्म्याने असताना मी उगाच घाबरतेय का? त्या "१७ पेक्षा कमी"चं नेमकं काय करायचं? आणि हे ०.४८ मला काय सांगतंय?

एक्सेलवीर

एवढं डोकं लावायची गरज नाही. तुमच्या आकड्यांचं प्रमाण विचलन १९ येतं. ७१ हा सरासरीपासून २.४ पट विचलनावर आहे, म्हणजे सरळ सरळ आउटलायर, बाकीच्यांपासून तुटलेला आकडा. त्या दिवशी काहीतरी वेगळं झालं असणार. तो काढा, सरासरी २०.५ होईल. रिपोर्ट पण स्वच्छ दिसेल.

जुना पंपवाला

एक्सेलवीर, राग मानू नका, पण फिल्टरवर धूळ सापडली, लॅबने ती तोलून-मापून दिली, आणि आपण ती "रिपोर्ट स्वच्छ दिसावा" म्हणून फेकायची? तो आकडा एका माणसाच्या छातीत गेलेल्या हवेचा आहे. पंपाचा फ्लो बिघडला होता, फिल्टर फाटला होता, कुणी मुद्दाम सायक्लोन उलटा केला होता, असं काही लिहून ठेवलेलं असेल तर काढा. आकडा मोठा आहे हे कारण नव्हे.

मुळात ही आउटलायरची कसोटी घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी आहे, आणि कामाच्या जागची हवा तशी वागत नाही. कोळशाच्या खाणीत प्रत्यक्ष कोळसा तोडतात तिथली धूळ मोजून ओल्डहॅमने १९५३ मध्येच दाखवलं की हे आकडे लॉगनॉर्मल असतात. कारण सोपं आहे. कच्चा माल किती कोरडा, चकती किती झिजलेली, पंखा चालू की बंद, माणूस किती वाकला, या गोष्टींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गुणाकाराचा लॉग घेतला की बेरीज होते, मग घंटा दिसते. ताई, तुमच्या १२ आकड्यांचे लॉग घ्या: ७१ तिथे मध्यापासून १.९ विचलनावर येतो. १२ आकड्यांत असा एखादा असणं नवल नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. घाबरताय ते बरोबर आहे. लॉगची सरासरी आणि विचलन काढून परत उलटवले की मिळतात जिऑमेट्रिक मीन १९.७, जिऑमेट्रिक प्रमाण विचलन १.९७. त्यावरून ९५वा पर्सेंटाइल काढायचा: १९.७ गुणिले १.९७ चा १.६४५ वा घात. येतात ६०. म्हणजे १०० शिफ्टमधल्या सगळ्यांत वाईट ५ शिफ्ट ६० च्या वर. मर्यादा ओलांडणाऱ्या शिफ्टचं प्रमाण साधारण ८.५ टक्के, म्हणजे दर १२ शिफ्टमागे एक. तुमच्या १२ मध्ये एकच आहे, बघा. युरोपातलं २०१८ चं ईएन ६८९ हे मानक म्हणतं की ओलांडणाऱ्या शिफ्ट ५ टक्क्यांच्या आत आहेत हे ७० टक्के खात्रीने सांगता आलं पाहिजे. त्याचा हिशेब असा: मर्यादेचा लॉग वजा मध्याचा लॉग, भागिले विचलनाचा लॉग. तुमचं उत्तर १.३७. १२ सॅम्पलसाठी लागतात सुमारे १.९६. नापास, आणि काठावर नव्हे. मॅनेजरसाहेबांना हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा, सरासरीबद्दल वाद घालत बसू नका.

दुसरा प्रश्न, तो २ तासांचा फिल्टर. लोक मर्यादेखालचा आकडा म्हणजे "कमी धूळ" असं वाचतात. तुमच्या केसमध्ये तो "कमी हवा" आहे. पूर्ण शिफ्टला १.२ घनमीटर हवा ओढली असती तर तोच ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ४.२ झाले असते. सॅम्पल जितकं लहान तितकी "पेक्षा कमी"ची रेघ वर जाते. पंप बंद पडला म्हणून धूळ कमी झाली नाही, आपल्याला दिसणं कमी झालं. शिवाय पहिले २ तासच मोजले गेले. दुपारी काय झालं ते त्या फिल्टरला माहीत नाही.

निम्मे धरा, १.४१ ने भागा, हे सगळे जुने जुगाड आहेत. गंमत बघा. त्या जागी १७ धरले तर तुमचा ९५वा पर्सेंटाइल येतो ५९. ८.५ धरले तर ६०. ४ धरले तर ६८! खाली लहान आकडा टाकला की वरचं टोक उंच होतं, कारण विचलन ताणलं जातं. म्हणजे "आपण कमी धरलं, चला गट सुरक्षित दिसेल" हा हिशेबच उलटा पडतो. खरं करायचं ते हे, की सॉफ्टवेअरला आकडा न देता "शून्य ते १७ मध्ये कुठेतरी" एवढंच सांगायचं आणि मॅक्सिमम लाइकलिहुडने, म्हणजे हातातले आकडे ज्यातून येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असं मॉडेल बसवायचं. १२ मध्ये १ असेल तर निकाल पालटत नाही. १२ मध्ये ६ असतील तर निम्मे धरण्याचा जुगाड तुम्हाला पार बुडवतो, म्हणून सवय आत्ताच लावा.

आता ०.४८. खरी बातमी इथे आहे आणि तुमचे मित्र फोन उचलत नाहीत! एकूण ०.५५ मधला ०.४८, म्हणजे जवळपास ८८ टक्के फरक हा माणसामाणसांतला आहे. दिवसादिवसांतला नाही. तुम्ही ज्याला "गट" म्हणताय तो गटच नाही. तीन जण आणि एक 'घ' आहे. त्या एकट्याची सरासरी काढा: ५२.७. बाकी तिघांची मिळून १५.४. म्हणजे २४.७ ही सरासरी जी हवा दाखवते ती त्या चौघांपैकी कुणीच घेत नाही.

हे नवीन नाही. क्रोमहाउट, सिमान्स्की आणि रॅपापोर्ट यांनी १९९३ मध्ये १६५ गटांची मोजमापं एकत्र करून हेच तपासलं होतं. एकच काम, एकच जागा म्हणून एकत्र बांधलेल्या गटांपैकी साधारण चतुर्थांश गटांतच माणसांच्या सरासऱ्या एकमेकींच्या दुपटीच्या आत होत्या. तुमच्या ०.४८ वरून हेच माप काढलं तर दुप्पट नाही, १५ पट येतं.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या काळात एका पावडर मिसळायच्या विभागात ६ जणांचे सॅम्पल घेतले, सरासरी मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यावर, मी "ठीक" लिहून मोकळा. पाच जण बटणं दाबणारे होते, सहावा पोती फोडणारा. त्याचा आकडा मी कागदावर बघितला होता, तरी माझी सही त्या सरासरीखाली आहे. ती फाइल अजून जपून ठेवलीय.

मला मात्र तुमच्या ०.०७ चा जास्त संशय येतोय. त्याचं जिऑमेट्रिक विचलन होतं १.३. दगडाच्या धुळीत, एका माणसाचं, दिवसागणिक फक्त १.३? इतकं शिस्तीत वागणारं घासकाम मी तरी पाहिलेलं नाही. खरं सांगा, तिन्ही दिवस लागोपाठचे होते ना?

धूळमोजणी

हो. सोमवार, मंगळवार, बुधवार. पंप भाड्याने आणले होते, ३ दिवसांचेच मिळाले. आणि तिन्ही दिवस एकाच ऑर्डरचा दगड चालू होता. हे मी धाग्यात लिहिलं नाही कारण महत्त्वाचं वाटलंच नाही. :(

जुना पंपवाला

तेच. काल आणि आज ही भावंडं असतात. तोच दगड, तीच चकती, तीच उघडी-बंद दारं. ३ सॅम्पल दिसतात पण माहिती दीड सॅम्पलची असते. म्हणजे ०.०७ हा खोटा कमी आहे, आणि तुमचा ६० हाही बहुधा कमीच. दोन-तीन महिन्यांत पसरून, वेगवेगळ्या ऑर्डरवर घ्या.

बेझबहाद्दर

पंपवाल्यांशी बहुतेक सहमत, पण दोन ठिकाणी अडखळलो.

एक, ०.४८ वर इतका भार टाकू नका. कामगार ४, म्हणजे त्या आकड्यामागे स्वातंत्र्याचे अंश (स्वतंत्र माहितीचे तुकडे) फक्त ३. ढोबळ हिशेबाने कामगारांमधलं जिऑमेट्रिक विचलन १.४ पासून १० च्या पुढेपर्यंत कुठेही बसतं. 'घ' वेगळा आहे हे डोळ्यांनाही दिसतं, ते मान्य. पण "१५ पट" हा आकडा रिपोर्टमध्ये लिहिलात आणि कुणी खात्री विचारली तर तोंड लपवावं लागेल.

दोन, ९५वा पर्सेंटाइल हाच देव नव्हे. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, एका वाईट शिफ्टने होत नाही. वर्षानुवर्षं साठलेल्या मात्रेचा तो आजार आहे. तिथे माणसाची दीर्घकाळची सरासरी जास्त बोलते. रॅपापोर्ट हेच म्हणत आले. ९५वा पर्सेंटाइल हे नियमपालनाचं भाषांतर आहे, रोगाचं नाही. अर्थात सरासरी काढायची ती एकेका माणसाची, गटाची नाही. त्यामुळे इथे आमची दोघांची वाट वेगळी असली तरी पोचतो 'घ'च्या टेबलापाशीच.

एवढ्या थोड्या सॅम्पलवर बेझची पद्धत, म्हणजे आधीचा अंदाज आणि हातातले आकडे जोडून शक्यता काढणं, वापरा असं मी सुचवीन. हिवेट आणि मंडळींनी २००६ मध्ये मांडलेली रीत सोपी आहे: ९५वा पर्सेंटाइल मर्यादेच्या १ टक्क्याखाली, १ ते १०, १० ते ५०, ५० ते १००, की १०० च्या वर, या पाच कप्प्यांपैकी कुठल्या कप्प्यात असण्याची शक्यता किती, ते पाच खांबांत दाखवायचं. मॅनेजर लोकांना लॉगनॉर्मल कळत नाही, खांब कळतात. माँट्रियल विद्यापीठाचं एक्स्पोस्टॅट्स हे फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, "१७ पेक्षा कमी" जसंच्या तसं टाइप करता येतं आणि माणसामाणसांतला फरकही वेगळा काढून देतं.

शंकेखोर

एक बाळबोध प्रश्न. एवढे पंप भाड्याने आणण्यापेक्षा मॉडेलनेच का नाही काढत? खोलीचं आकारमान, वायुवीजन, धूळ किती निघते ते टाकलं की हवेतलं प्रमाण येतं असं वाचलंय. एआरटी, स्टॉफेनमॅनेजर वगैरे आहेत ना?

बेझबहाद्दर

आहेत, आणि कामाची आहेत. साध्यातलं साधं म्हणजे धूळ निघण्याचा वेग भागिले हवा बदलण्याचा वेग. पण त्यात पूर्ण खोलीची हवा सारखी ढवळलेली धरतात. घासणाऱ्याच्या नाकापाशी ती तशी नसते, म्हणून मग जवळचा डबा आणि लांबचा डबा असे दोन भाग करतात. एआरटी त्याच विचारावर उभं आहे, आणि त्यात स्वतःची थोडी मोजमापं घालून अंदाज सुधारता येतो. नवीन कारखाना उभा राहायचाय, मोजायला माणूसच नाही, तेव्हा मॉडेलला पर्याय नाही. इथे १२ फिल्टर हातात आहेत. मॉडेलचं उत्तर पूर्वअंदाज म्हणून घ्या, निकाल म्हणून नको.

धूळमोजणी

उशिरा लिहितेय, माफ करा. दोन महिने गेले.

तुमच्या सांगण्यावरून रिपोर्ट दोन भागांत लिहिला. क-ख-ग या तिघांचा ९५वा पर्सेंटाइल २८ आला आणि ईएन ६८९ च्या ७० टक्के खात्रीने वरची हद्द ३२. 'घ' वेगळा. साहेबांनी विचारलं, "तो काय वेगळं करतो?" मला उत्तर देता येईना. मी त्याच्या टेबलापाशी कधी १० मिनिटंसुद्धा उभी राहिले नव्हते. पंप लावायचा, संध्याकाळी काढायचा, एवढंच.

मग एक पूर्ण सकाळ उभी राहिले. तो डावखुरा आहे.

धूळ ओढणारा हूड टेबलाच्या एका अंगाला पक्का बसवलेला आहे. बाकीचे तिघे हूडकडे तोंड करून, चकती मधे ठेवून घासतात. याला त्या बाजूने हात वळवता येत नाही म्हणून तो टेबलाच्या पलीकडून उभा राहतो, हूडकडे पाठ करून वाकतो. चकतीवरून निघालेली धूळ हूड इमानदारीत ओढतो, फक्त वाटेत त्याचं डोकं असतं. मी त्याला विचारलं, असं किती वर्षं? म्हणाला, टेबल आलं तेव्हापासून. कुणी विचारलं नाही.

हूडला हलणारा हात बसवून घेतला. त्यानंतर वेगवेगळ्या आठवड्यांत, वेगवेगळ्या दगडांवर ३ सॅम्पल: १८, ३१, २४. आता जुने ३ आणि नवे ३ मिळून ६ होतात, तर तेवढ्यावर हिशेब करू का?

जुना पंपवाला

डावखुरा! कुठल्याच मॉडेलमध्ये हा रकाना नाही, शंकेखोरांनी नोंद घ्यावी.

जुने-नवे मिसळू नका. जुने ३ त्या जुन्या हूडचे आहेत, ती परिस्थिती आता अस्तित्वात नाही. नवे ३ हे नवे ३. मानकात ३ सॅम्पलवर सुटका होते, पण तिन्ही मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याखाली, म्हणजे तुमच्याकडे ५ च्या खाली असतील तरच. तुमचे १८, ३१, २४ आहेत. तेव्हा अजून किमान ३ घ्या, मग ६ वर कसोटी लावा. ६ सॅम्पलसाठी तो आकडा २.१९ आहे, १२ पेक्षा कडक. कमी पुराव्याची किंमत असते ती.

आणि अमेरिकेच्या ओशाने (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) २०१६ मध्ये ५० ठरवताना निम्म्यावर, म्हणजे २५ वर, कारवाईची पातळी ठेवली होती. एसीजीआयएच या तिथल्याच औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस तर २५ चीच आहे. तेव्हा तिघांचा २८ सुद्धा "ठीक" म्हणून सोडून देऊ नका. वर्षाआड का होईना मोजत राहा.

एक विचारायचं राहिलं: 'घ'चा सायक्लोन कोणत्या कॉलरला होता?

धूळमोजणी

उजव्या. सगळ्यांनाच उजव्या लावते, सवयीने.

जुना पंपवाला

डावखुऱ्याला एकदा डाव्या बाजूला लावून बघा. वाकून काम करताना दोन कॉलरमध्ये बराच फरक पडलेला मी पाहिलाय. शक्य असेल तर त्याच शिफ्टला दोन्ही बाजूंना एकेक.

एक्सेलवीर

७१ काढायला सांगणारा मीच होतो. घेतला परत.

धूळमोजणी

एक्सेलवीर, चालायचंच. मीही रिपोर्टच्या पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं, इथे सांगितलं नाही इतकंच.

त्या २ तासांत बंद पडलेल्या पंपाचा उलगडा पण झाला: 'ग' ओठंगून बसला की ट्यूब त्याच्या पट्ट्याखाली चिमटते. आता खांद्यावरून क्लिप लावून नेते.

पुढचे ३ दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच चिठ्ठी शनिवारची निघाली. दुसऱ्या शिफ्टची. साहेब म्हणाले, "शनिवारी कोण येणार?" मी म्हटलं, मी आणि पंप. दोन कॉलर, दोन सायक्लोन घेऊन जातेय.